न हरणाऱ्याशी लढाई



मे महिन्याच्या सुट्टीत धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना आम्ही एक गोष्ट लिहायला दिली होती. विषय असा : एक दुबळा लढवय्या आणि त्याच्यासमोर कधीही न हरणारा खलनायक. मुलांनी मनापासून लिहिले. बहुतेक गोष्टींत शेवटच्या पानावर खलनायकाचा पाय घसरला होता, एकीत त्याला नाग चावला होता, तर दुसरीत त्याच्यावर वीज पडली होती. वह्या परत देताना एक मुलगी म्हणाली, “फादर, तो कधीच हरत नाही असं तुम्ही सांगितलं होतं. मग याने त्याला हरवलं कसं?”

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण प्रश्न बरोबर होता. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलेल्या माणसाने असा विषय द्यायलाच नको होता. खरोखर अजिंक्य असलेल्या शत्रूचा पराभव दाखवला, तर तो अजिंक्य नव्हता एवढेच सिद्ध होते. आणि पराभव दाखवायचा नसेल तर प्रश्न गोष्टीचा राहत नाही, तो नीतीचा होतो : जो हरणार नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी लढावे का?

जत्रेतल्या कुस्त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तिथे पंच आधी जोड लावतात. वजन, उंची, अंगातली ताकद बघतात, आणि जोड विजोड वाटली तर नारळसुद्धा फोडू देत नाहीत. आयुष्यात मात्र जोड लावणारे पंच नसतात.

आपल्या अकोले तालुक्याला हे कोणी शिकवायला नको. देवगावचे राघोजी भांगरे आपल्याच मातीतले. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि कंपनी सरकार आले. डोंगरातल्या किल्ल्यांची राखण करून जगणाऱ्या महादेव कोळी कुटुंबांची कामे गेली, हक्क गेले आणि मागे सावकाराचे कर्ज उरले. राघोजींचे वडील रामजी यांनी १८२८ च्या सुमारास बंड केले आणि ते मोडले गेले. म्हणजे समोरचा किती बलवान आहे हे मुलाला ऐकून नव्हे, घरातच कळले होते. तरीही १८४४-४५ मध्ये राघोजी उठले. एका बाजूला घाटमाथ्यावरची काही माणसे, दुसऱ्या बाजूला निम्म्या हिंदुस्थानावर राज्य करणारी कंपनी. २ जानेवारी १८४८ रोजी ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. नाग चावला नाही, वीज पडली नाही.

मग ते चुकले काय? इथे आम्हांला आमचाच धर्मशिक्षणाचा ग्रंथ अडवतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, अन्यायी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलण्यासाठी पाच अटी घातल्या आहेत. अन्याय उघड, गंभीर आणि दीर्घकाळचा हवा. दाद मागण्याचे इतर सर्व मार्ग संपलेले हवेत. प्रतिकाराने आहे त्याहून मोठा अनर्थ ओढवता कामा नये. यशाची सकारण आशा हवी आणि अधिक चांगला उपाय दिसत नसावा. यातली यशाची अट आम्हांला विद्यार्थिदशेत फार खटकायची. बलवानाचीच सोय बघितली आहे, असे वाटायचे. जो जितका अजिंक्य, तितका तो सुरक्षित! पुढे वय वाढले, काही अंत्यविधी आमच्या हातून झाले, आणि अट कोणाच्या सोयीची आहे ते उमगू लागले. हरणारी लढाई पुढारी एकटा हरत नाही. त्याच्यामागे गेलेल्यांची घरे हरतात, मागे राहिलेल्या बायकामुलांना शिपायांना तोंड द्यावे लागते. ती अट त्यांच्यासाठी आहे.

पण शस्त्र ठेवले म्हणजे लढाई संपली असेही नाही. संत थॉमस अक्वायनस धैर्याची दोन कामे सांगतात, चालून जाणे आणि टिकून राहणे. त्यांतले मुख्य आणि कठीण काम ते टिकून राहण्याला म्हणतात. कारण चालून जाणारा बहुधा स्वतःला वरचढ समजत असतो. टिकून राहणाऱ्यावर मात्र त्याच्याहून बलवान चालून आलेला असतो, आणि तोही थोडा वेळ नव्हे. आमच्या मते दुबळ्या लढवय्याचे वर्णन याहून नेमके क्वचितच कोणी केले असेल.

राघोजींची आणखी एक बाजू आहे, आणि ती गाळून त्यांचे स्मरण करणे आम्हांला प्रामाणिक वाटत नाही. त्या बंडात सावकारांची नाके कापल्याच्या हकिकती इंग्रजांच्या नोंदींत आहेत. नोंदी लिहिणारे त्यांचे शत्रू होते, हे ध्यानात घ्यावेच. आईला झालेल्या छळाचा संताप त्यामागे होता, असेही सांगतात. तरीही एखाद्या वाडीत रात्री दिवा मालवून बसलेल्या वाण्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दारात राघोजी उभे आहेत. त्या घरात, त्या रात्री दुबळा कोण होता?

पुढे १८७५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला झाली होती. या लोकांनी मुख्यतः रोखे आणि खतपत्रे मागून घेतली व जाळली. माणसांना इजा त्या मानाने फार थोडी झाली. खरा अजिंक्य शत्रू माणूस नसून तो कागद आहे, आणि त्या कागदामागे आंधळेपणाने उभे राहणारे न्यायालय आहे, हे त्या निरक्षर माणसांनी ओळखले होते. ऋणको हजर नसतानाही एकतर्फी हुकूमनामे होत. १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा झाला आणि रोख्यावरचा आकडा डोळे मिटून न मानता कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याची मुभा न्यायाधीशांना मिळाली. सावकारी त्याने संपली नाही, हे खरे. पण कागद अजिंक्य राहिला नाही.

दावीद आणि गल्याथ यांची गोष्ट तुम्हांला पाठ आहे. सहा हात आणि एक वीत उंचीचा तो पलिष्टी, आणि शौलाचे चिलखत वापरायची सवय नव्हती म्हणून काढून ठेवणारा, ओढ्यातले पाच गोटे घेऊन निघालेला मेंढपाळ पोर. मुलांच्या निम्म्या गोष्टींत हाच दावीद वेगवेगळ्या नावांनी आला होता. पण आपण गोष्ट तिथेच थांबवतो. पुढे तो राजा झाला. त्याने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईच्या ऐन तोंडाशी उभे करून मारवले. तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला आणि त्याने त्याला एक गोष्ट सांगितली : एक श्रीमंत, एक गरीब, आणि त्या गरिबाची एकुलती एक मेंढी. दावीद संतापला. त्याने न्याय अगदी बरोबर केला. त्या गोष्टीत आपण कोण आहोत एवढेच त्याला कळले नाही. गोष्ट ऐकताना आपण दुबळ्याच्याच बाजूला जाऊन बसतो. मुलांच्या एकाही वहीत “मी” खलनायक नव्हता.

आमच्याही नव्हता. पूर्वीच्या एका धर्मग्रामात कुंपणाची भिंत बांधून घेतली होती. गवंड्याचे थोडे पैसे राहिले होते. तो मागायला आला तेव्हा हिशेबाची वही हाताशी नव्हती. दुसऱ्यांदा आला तेव्हा पाहुणे होते. तिसऱ्यांदा आम्ही जरा चढ्या आवाजात बोललो. तो काही न बोलता पायऱ्या उतरून गेला आणि पुन्हा आला नाही. त्याच काळात रविवारच्या उपदेशात आम्ही गल्याथावर बोललो होतो आणि लोकांना तो उपदेश आवडला होता. त्या भाबड्या माणसाने फादरांविरुद्ध दाद कोणाकडे मागायची? पुढे आम्ही पैसे पोचवले तेव्हा वर्ष उलटून गेले होते. तो कामावर गेला होता. त्याच्या पत्नीने नोटा न मोजता पदरात बांधल्या आणि आम्हांला बसायला चटई टाकली.

मुलांच्या वह्या आम्ही परत केल्या आहेत. नवा विषय असा : तीच गोष्ट, पण न हरणाऱ्याने स्वतः सांगितलेली. मोठ्यांनीही लिहायला हरकत नाही. पुढच्या रविवारी मिस्सानंतर वह्या साक्रिस्तीत द्याव्यात. नाव घातले नाही तरी चालेल.