भरवशाची किंमत कुठे बसून मोजायची?

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी नवी क्रॉसओव्हर एसयूव्ही घ्यायची ठरली की घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते, लाखभर वाचत असतील तर वाचवा, आता सगळ्याच गाड्या सारख्या. दुसऱ्याचे म्हणणे असते, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण रस्त्यात उभी राहणारी गाडी नको. हा वाद किरकोळ नाही. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्यांपैकी जवळपास २८ लाख, म्हणजे ६५ टक्के, युटिलिटी प्रकारातल्या होत्या. घर आणि जमीन सोडली तर बहुतेक कुटुंबांची ही सर्वांत मोठी खरेदी असते. अडचण अशी की वादाचे दोन्ही पक्ष जी मोजपट्टी वापरतात ती पुण्या-मुंबईची आहे. गाडीची परीक्षणे तिथे होतात, तिथल्या रस्त्यांवर होतात आणि बिघाड झाला तर दहा मिनिटांवर वर्कशॉप आहे हे गृहीत धरून होतात. माझे म्हणणे असे आहे की गाडीचा भरवसा ती जिथे वापरली जाणार त्या गावातूनच मोजला पाहिजे, आणि तसा मोजला की त्यासाठी जास्त पैसे देणे हा हिशेबाचा निर्णय ठरतो. ते पैसे कुठून काढायचे, हा पुढचा आणि जास्त महत्त्वाचा प्रश्न.

अंतरापासून सुरुवात करू. मोर्शीहून अमरावती पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे. तेल बदलणे, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, लिंक रॉड ही कामे गावातला मेकॅनिक उत्तम करतो. पण आजच्या गाड्या या कामांसाठी अडून बसत नाहीत, त्या सेन्सरसाठी अडतात. पुढच्या चाकाजवळच्या स्पीड सेन्सरचे उदाहरण घ्या. बगीच्याच्या पांदण रस्त्यावरचा काळ्या मातीचा चिखल त्याच्याभोवती थापला जातो, वाळतो, वायर ताणली जाते, आणि एक दिवस एबीएसचा दिवा पेटतो. भाग बोटाएवढा असतो. पण तो कंपनीच्या स्कॅनरशिवाय खात्रीने सापडत नाही, सापडला तरी ओरिजिनल पार्ट मागवावा लागतो, आणि एवढ्यासाठी अमरावतीच्या दोन खेपा होतात. उभ्या गाडीचे वायरिंग उंदरांनी कुरतडले तरी हीच तऱ्हा. पुण्यात हा बिघाड दुपारच्या सुट्टीत निपटतो, इथे त्यात दोन दिवस मोडतात. त्यात पंचेचाळीस अंशांकडे जाणारा आपला उन्हाळा, जो एसी, बॅटरी आणि रबरी भागांची रोज परीक्षा घेतो. आणि रात्री-बेरात्री पेशंटला अमरावतीला किंवा नागपूरला न्यायची वेळ आली तर गाडी सुरू होणे किंवा न होणे याची किंमत पैशांत सांगताच येत नाही.

डिझेलच्या बाबतीत तर वापराची पद्धतच भरवसा ठरवते. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी, डीपीएफ, आली. ही गाळणी स्वतःला साफ करते, पण त्यासाठी इंजिन बराच वेळ एका लयीत, चांगल्या वेगाने चालावे लागते. घरून बाजार, बाजारातून बगीचा, बगीच्यातून घर, अशा चार-पाच किलोमीटरच्या तुटक फेऱ्यांत ते होत नाही. काजळी साठत जाते, दिवा पेटतो, आणि शेवटी गाडीची ताकद कमी होते. तीच गाडी रोज मोर्शी-अमरावती ये-जा करणाऱ्याकडे बिनतक्रार चालते. म्हणजे एकच मॉडेल, एकाच गावात, एकासाठी भरवशाचे आणि दुसऱ्यासाठी डोकेदुखी. वऱ्हाडात बोलेरोने डिझेलची जी पत निर्माण केली ती जुन्या, साध्या डिझेलची होती. ती पत आजच्या डिझेलला आंधळेपणाने लावता येणार नाही.

दुसरी गोष्ट उत्पन्नाची. वाढीव किंमत ठरलेली असते: ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतलेल्या कर्जात एक लाख रुपये जास्त म्हणजे महिन्याला सुमारे २,०७६ रुपये. बिघाडाचा खर्च मात्र अनिश्चित असतो. पगारदाराला ही अनिश्चितता त्रासदायक असते, पण पेलता येते, कारण पुढच्या महिन्याचा पगार ठरलेला असतो. मोर्शी-वरुड पट्ट्यातल्या संत्रा उत्पादकाचा पैसा आंबिया किंवा मृग बहार विकला की एकगठ्ठा येतो, आणि किती येईल हे त्याच्या हातात नसते. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवत वाढवत २०२३ मध्ये किलोला ८८ रुपयांवर नेले तेव्हा झाडावर उत्तम फळ असूनही भाव पडले. अशा वर्षी गिअरबॉक्सचे साठ-सत्तर हजारांचे बिल समोर आले तर ते फवारणीच्या, मजुरीच्या पैशांतून जाते किंवा उसनवारीने. म्हणून ज्याचे उत्पन्न वर-खाली होते त्याच्यासाठी आधी माहीत असलेला मोठा खर्च हा नंतर अचानक येणाऱ्या तेवढ्याच खर्चापेक्षा स्वस्त असतो. ‘बिघाड झाला तर पाहू’ हे वाक्य पगारदाराने म्हणणे वेगळे आणि बागायतदाराने म्हणणे वेगळे.

हे मान्य केले तरी भरवसा ओळखायचा कसा? जर्मनीत तपासणी केंद्रांच्या नोंदींवर आधारलेला ट्यूव्ह अहवाल निघतो, अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स वाचकांच्या गाड्यांचे बिघाड गोळा करून मांडते, ब्रिटनमध्ये वार्षिक एमओटी तपासणीचे निकाल सरकार खुले करते आणि गाडीच्या नंबरवरून कोणालाही तिचा इतिहास पाहता येतो. आपल्याकडे खासगी गाडीची सक्तीची तपासणी पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी येते, त्यामुळे अशी आकडेवारी जन्मालाच येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झाले, पण त्याचे तारे अपघातातल्या सुरक्षेचे आहेत, गाडी पाच वर्षे नीट चालेल का याचे नाहीत. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले होते की जिथे विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते तिथे चांगल्या मालाला त्याची योग्य किंमत मिळेनाशी होते. नव्या गाडीच्या बाजारात घेणारा या अंधारावर नावलौकिकाचा उपाय करतो. संत्र्याची कलमे घेताना शेंदूरजना घाटच्या कोणत्या रोपवाटिकेची, कोणत्या खुंटावर बांधलेली, हे विचारल्याशिवाय इथला शेतकरी नुसत्या दरावर जात नाही, कारण चूक कळायला पाच-सहा वर्षे लागतात. गाडीच्या बाबतीतही नावलौकिक हा त्याच कारणाने वापरला जातो, आणि त्यात गैर काही नाही.

पण नावलौकिक ढोबळ असतो, आणि तो किती ढोबळ याचा चांगला पुरावा आपल्या बाजारातच आहे. टोयोटाने २०२० मध्ये आणलेली अर्बन क्रूझर ही मारुतीच्या कारखान्यात बनलेली ब्रेझाच होती. २०२४ मध्ये आलेली टायझर ही तशीच फ्रॉन्क्स. यंत्र तेच, तरी टोयोटाच्या नावाला वेगळा भरवसा चिकटतो. त्या फरकातला खरा, मोजता येणारा भाग वॉरंटीचा होता: टोयोटा ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर देत होती, मारुती २ वर्षे किंवा ४० हजार. जुलै २०२४ मध्ये मारुतीनेही ३ वर्षे आणि १ लाख किलोमीटर केले, आणि तो भागही संपला. जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरच्या शंकेवरून मारुतीने १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. त्यात ब्रेझा आणि ग्रँड विटारा होत्या, आणि टोयोटालाही त्याच कारणाने ग्लान्झा आणि हायरायडर मिळून १,३९० गाड्या बोलवाव्या लागल्या. उत्तम नाव असलेल्या कंपन्यांच्या गाडीतही दोष निघतो, हे यातून दिसते. म्हणून कंपनीचे नाव पाहून थांबू नये, खाली उतरून इंजिन कोणते, गिअरबॉक्स कोणता आणि तो बाजारात किती वर्षे मुरला आहे हे पाहावे. त्याच मॉडेलचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि दोन क्लचचा ऑटोमॅटिक हे भरवशाच्या दृष्टीने दोन वेगळे सौदे आहेत.

इथे सरकारी कर एक विचित्र वळण घेतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल, १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापलीकडे ४० टक्के. ब्रेझाचे पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचे, टर्बो नसलेले, साध्या बांधणीचे. ते ४० टक्क्यांत जाते. नेक्सॉनचे १,१९९ सीसीचे टर्बो इंजिन १८ टक्क्यांत. लहान इंजिनातून टर्बोच्या दाबाने जास्त ताकद काढायची म्हणजे उष्णता जास्त, भाग जास्त, तेल वेळेवर बदलण्याची शिस्त जास्त. ते इंजिन वाईट असते असे मुळीच नाही. नेक्सॉनबद्दल तर हेही सांगायला हवे की डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी ती भारतात बनलेली पहिली गाडी होती. मुद्दा एवढाच की शोरूममधल्या दोन किमतींतला फरक यंत्राच्या दर्जाचा आहे असे समजू नये, त्यातला मोठा वाटा कराच्या रेषेचा आहे. फ्रॉन्क्स किंवा एक्स्टरमध्ये मिळणारे १,२०० सीसीच्या आतले टर्बोविना इंजिन करातही बसते आणि साधेही आहे. त्यात ताकद कमी मिळते, आणि पाच माणसे व सामान भरून घाट चढायचा असेल तर ती जाणवते.

भरवशाचा आणखी एक पदर आहे, कंपनी टिकण्याचा. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली शेवरलेची विक्री थांबवली. तळेगावचा त्यांचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. २०१३ मध्ये आलेल्या इकोस्पोर्टने लहान क्रॉसओव्हरची आवड रुजवली, आणि ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. रेनॉची २०१२ ची डस्टर २०२२ मध्ये थांबली. या तिन्ही कंपन्यांच्या गाड्या यंत्र म्हणून वाईट होत्या असे कोणी म्हणणार नाही. सेवा चालू राहील असेही सांगितले गेले. पण कंपनी आवरते घेते तेव्हा वर्कशॉप आधी लहान शहरांतली मिटतात, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे मिटले की तालुक्याच्या गावातल्या मालकाला नागपूर गाठावे लागते. शोरूम चकाचक आहे की नाही यापेक्षा अमरावतीत त्या कंपनीचे वर्कशॉप किती वर्षांपासून चालू आहे, हा प्रश्न इथल्या ग्राहकाने आधी विचारावा.

आता आक्षेप. पहिला, वॉरंटी असताना काळजी कशाची? वॉरंटी भागाचे पैसे देते, मोडलेल्या दिवसांचे आणि टोचन करून नेण्याच्या मनस्तापाचे देत नाही. शिवाय इथे गाडी आठ-दहा वर्षे ठेवली जाते आणि बिघाडाची खरी वर्षे वॉरंटीनंतरची असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजच्या सगळ्याच गाड्या वीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांपेक्षा चांगल्या आहेत, मग उरलेल्या फरकासाठी लाख रुपये का द्यावेत? हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणूनच या वाढीव किमतीला मर्यादा हवी. आठ वर्षे गाडी ठेवायची तर एक लाख म्हणजे वर्षाला साडेबारा हजार. जुनी विकताना त्यातले काही परत येतात असे धरले तर आणखी कमी. मोर्शीच्या अंतरावरून एवढे देणे मला पटते, तीन लाख देणे पटत नाही. तिसरा आक्षेप सुरक्षेचा. भरवशाच्या नावाखाली कमजोर सांगाडा किंवा कमी एअरबॅग घेणे मला मान्य नाही. गाडी न थांबणे आणि अपघातात माणूस वाचणे यांत निवड करायची वेळ आली तर दुसरेच निवडावे.

चौथा आक्षेप गरजेचा आहे: ज्याचा खिसा आधीच ताणलेला आहे त्याने लाख आणायचे कुठून? सात वर्षांचे कर्ज काढून मुळीच नाही. दहा लाखांवर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत साडेबारा लाखांच्या आसपास फेडावे लागतात, सात वर्षांत साडेतेरा लाखांच्या. उत्तर गाडीच्या किमतीच्या यादीतच आहे. एकाच मॉडेलच्या बेस आणि टॉप प्रकारांत अनेकदा पाच-सहा लाखांचे अंतर असते, दोन कंपन्यांमधल्या फरकाच्या कितीतरी पट. लोक स्वस्त कंपनीची निवड करून वाचवलेले लाख रुपये त्याच गाडीच्या सनरूफवर, मोठ्या स्क्रीनवर, हवेशीर सीटवर घालवतात. म्हणजे खरी ओढाताण किंमत आणि भरवसा यांच्यात नसून सजावट आणि भरवसा यांच्यात आहे. मुरलेल्या यंत्राचा, पुरेशा एअरबॅग असलेला खालचा किंवा मधला प्रकार घेतला की बहुतेक घरांचे बजेट न ताणता भागते. सनरूफ नसल्याने पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कोणाचे काही अडत नाही.

तरी ग्राहकाच्या शहाणपणावर सगळे टाकून देणे न्याय्य नाही. एप्रिल २०२१ पासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी सक्तीच्या रिकॉलचा नियम आहे. ठरावीक संख्येने तक्रारी आल्या की सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते. त्या तक्रारी मॉडेलनिहाय, इंजिननिहाय आणि जिल्हानिहाय सर्वांना वाचता येतील अशा प्रसिद्ध व्हायला हव्यात. वाहन पोर्टल नोंदणीचे आकडे उघड दाखवतेच, त्याच्या शेजारी बिघाडाचे आकडे दाखवायला तांत्रिक अडचण नाही. अमरावतीच्या एमएच-२७ पासिंगच्या गाड्यांत अमुक गिअरबॉक्सच्या तक्रारी किती, हे खरेदीपूर्वी दिसले तर मोर्शीतला ग्राहक पुण्याच्या मोजपट्टीवर अवलंबून राहणार नाही, आणि चांगले यंत्र बनवणाऱ्या कंपनीला त्याचे दाम जाहिरातीशिवाय मिळेल.