मंगल परिणयातील फुले

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर भागात मंगल परिणय ठरला की वधूपिता आधी हॉलचा आणि लगेच फुलांच्या मंडपाचा हिशेब करू लागतो. लग्नसराईत कल्याणच्या फूलबाजारात भाव चढलेले असतात; तरी कमान हवीच! कारण विचारले तर उत्तर येते, "पूर्वी आम्हांला वरातही काढू देत नव्हते, आता आम्हीच का मागे राहावे?" हे उत्तर हसण्यावारी नेता येत नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान आहे. पण कर्ज काढून आणलेला मान किती दिवस टिकावा?

जोतीरावांचे घराणे फुलांच्या व्यवसायातले. फुले हे आडनावही त्यावरूनच पडले. त्यांनीच १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापून ब्राह्मण पुरोहिताविना, अल्पखर्चात लग्ने लावली. फुलांशी त्यांचे वैर नव्हते. बुद्धपूजेत आपण फूल वाहतो, ते कोमेजते तसे हे शरीरही, हे ध्यानी यावे म्हणून. त्याला ओंजळभर पुरे. वधूवरांना दोन हार.

एका वधूपित्याला मी हेच सुचविले. "लोक काय म्हणतील?" तो म्हणाला. मुलीला कुणी विचारलेच नव्हते. विचारले तेव्हा ती म्हणाली, "हार मोगऱ्याचा आणा, बाबा. बाकीचे माझ्या बी.एड.च्या फीला ठेवा."