मापाखालचा दिवा

दिवा लावून कोणी तो मापाखाली ठेवीत नाही, हे आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहोत. मग स्वतःला लाभलेले दान जाणूनबुजून झाकून ठेवणारी व्यक्ती दोषी मानावी काय? एका स्वीडिश चित्रकर्तीच्या चरित्रामुळे हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे.

हिल्मा अफ क्लिंट यांचा जन्म १८६२ सालचा. स्टॉकहोमच्या शाही कला अकादमीत त्यांनी रीतसर शिक्षण घेतले आणि निसर्गदृश्ये व व्यक्तिचित्रे काढून त्या चरितार्थ चालवू लागल्या. १९०६ साली मात्र त्यांच्या कुंचल्यातून वेगळेच काही उतरू लागले. ओळखीची वस्तू त्यात नव्हती. वर्तुळे होती, शंखासारखी वळणे होती, गूढ अक्षरे होती. १९०७ साली त्यांनी मानवी आयुष्याच्या अवस्थांवर दहा चित्रे रंगविली, प्रत्येक तीन मीटरांहून उंच! १९१५ पर्यंत अशी १९३ चित्रे झाली, एका मंदिरासाठी योजलेली. ते मंदिर कधीच उभे राहिले नाही. वासिली कान्डिन्स्की यांनी जगातील पहिले अमूर्त चित्र आपलेच असल्याचा दावा केला, ते १९११ चे होते.

ही चित्रे आपल्या निधनानंतर वीस वर्षे उघडू नयेत, असे हिल्मा यांनी लिहून ठेवले. १९४४ साली त्या वारल्या. सुमारे १२०० चित्रे व रेखाटने पुतण्याकडे गेली. १९७० साली ती स्टॉकहोमच्या आधुनिक कला संग्रहालयाला देऊ केली असता नाकारण्यात आली. म्हणजे दिवा झाकणारा हात एकच नव्हता.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हिल्मा आणि त्यांच्या चार मैत्रिणी प्रार्थना करीत, नवा करार वाचीत, आणि त्यानंतर आत्म्यांना पाचारण करीत. ही चित्रे त्या आत्म्यांच्या आज्ञेने झाली, अशी त्यांची श्रद्धा होती. ती आपल्याला मान्य होण्यासारखी नाही. परंतु कान्डिन्स्कींवरही थिऑसफीचा प्रभाव होताच. त्यांच्या बाबतीत इतिहासकारांनी तो सहज पोटात घातला. स्त्रीच्या बाबतीत तोच हसण्याचा विषय व्हावा, हा न्याय कोणता?

दाखल्यातील सेवकाने धन्याचे द्रव्य भयाने पुरले आणि तो स्वस्थ बसला. हिल्मा स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी श्रम केले, हजारो पृष्ठांच्या वह्या लिहिल्या, आणि फळ मात्र न जन्मलेल्या पिढीच्या हाती सोपविले. आपल्या काळाला हे कळणार नाही, या त्यांच्या समजुतीत थोडा अभिमान असेलही. तरी कोणी पाहणार नाही हे ठाऊक असूनही रंग जपून लावणे, यात मला लबाडी दिसत नाही. मंडळीत सेवा करून फलकावर नाव शोधणारे आपण (मी त्यात आलोच) त्यांना कोणत्या तोंडाने दोषी ठरवावे?

२०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात सहा लाखांहून अधिक लोकांनी ही चित्रे पाहिली. त्यांच्या चरित्रात मला मात्र १९०८ ते १९१२ ही वर्षे अधिक खुणावतात. मंदिराच्या चित्रांचे काम तेव्हा थांबले होते. आईची दृष्टी गेली होती, आणि तिची शुश्रूषा हिल्मा करीत होत्या.