पाण्याला वाट

संध्याकाळी, घाई नसताना, गाडीपाशी जा. गॅरेज नाही. अपार्टमेंटमागचं पार्किंग असेल किंवा घराला लागून ड्राइव्हवे, आणि तिथे कव्हरखाली तुमची साठ वर्षांची मस्टँग उभी असेल, नाहीतर त्याच वयाची बीटल. कव्हर लगेच काढू नका. नुसता हात टेकवा. कापड कोरडं लागतं का? आतल्या बाजूने गार, दमट लागतं का? उत्तर मिळेपर्यंत हात तिथेच राहू द्या.

उघड्यावरच्या गाडीसाठी मनात पहिली भीती येते ती पावसाची. येऊ द्या. पण पाऊस येतो, पत्र्यावरून वाहतो आणि जातो. जे पाणी जात नाही, त्याचा विचार करा.

अमेरिकेतलं टल्सा शहर डोळ्यांसमोर आणा. ओक्लाहोमा राज्याला 50 वर्षं होत होती म्हणून 1957 च्या जूनमध्ये तिथल्या कोर्टहाउससमोर जमिनीखाली एक कोरी प्लिमथ बेल्व्हेडियर पुरली गेली, सोनेरी आणि पांढऱ्या रंगाची. काँक्रीटचं तळघर अणुहल्लाही सोसेल, असं तेव्हा सांगितलं गेलं होतं. गाडीला गंजरोधक लेप दिला होता, वर आवरण गुंडाळलं होतं. शहराची 2007 सालची लोकसंख्या जो सर्वांत जवळची सांगेल, त्याला ती मिळायची होती. जून 2007 मध्ये झाकण उचललं तेव्हा तळघरात पाणी साचलेलं होतं. आवरण काढल्यावर दिसली ती मातकट, गंजाने पोखरलेली गाडी. स्प्रिंगा कुजल्या होत्या, आसनांचं कापड गेलं होतं. पुढे ती इलिनॉयमधल्या रॉस्को इथल्या संग्रहालयात गेली.

इथे थांबा. एवढी तटबंदी रस्त्यावरच्या कुठल्या गाडीला मिळते? आणि त्याच वर्षी विकल्या गेलेल्या काही बेल्व्हेडियर, ऊनपाऊस खाऊन, आजही चालतात. टल्साच्या तळघरात पाणी शिरलं हे वाईटच झालं, पण शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट नव्हती, घात झाला तो त्याने. शेजारीच ठेवलेली, पूर्ण बंद केलेली पोलादी पेटी मात्र आतून कोरडी निघाली. म्हणजे बंद करायचं तर तसं, पुरतं. आपली गाडी तशी बंद होत नाही, म्हणून तिला हवा हवी. प्लास्टिकची निळी ताडपत्री घट्ट बांधणं म्हणजे ओलसर लुगड्याची घडी करून ट्रंकेत ठेवणं. वाफ बाहेर सोडणारं कापडी कव्हर महाग पडतं, पण घ्यायचं तर तेच.

आता रात्र मनात आणा. आकाश निरभ्र आहे. गाडीचं छत आणि बॉनेट आपली ऊब सरळ आकाशाकडे सोडत राहतात. पहाटेपर्यंत पत्रा हवेपेक्षाही गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. पाऊस न पडताही गाडी भिजते, आणि खाली गवत असेल तर खालूनही. सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की पोलाद वेगाने गंजू लागतं. चारी बाजू उघड्या असलेलं साधं छप्पर, म्हणजे कारपोर्ट, यासाठी मोलाचं आहे. ते पत्रा आणि आकाश यांच्यामध्ये उभं राहतं आणि दव पडूच देत नाही. भिंती नसल्या तरी चालतं.

सकाळ झाली. आता कव्हर काढा, पण ओढू नका, घडी घालत उचला. खाली धूळ असेल तर ओढताना तीच रंगावर ओरखडे उठवते. मस्टँगसारख्या गाडीत समोरच्या काचेच्या तळाशी, वायपरखाली, एक जाळी असते. तिथे बोट घाला. वर मेपलची पानं, पाइनच्या सुया, आणि त्याखाली काळा, ओला, मातीसारखा लगदा. हवा आत घेणारी ही पन्हळ पाणी बाहेरही सोडते, पण लगद्याने तिचं तोंड बुजतं. मग पाणी जागच्या जागी पत्रा खातं आणि एक दिवस पायाखालचा गालिचा ओला लागतो. चिमटीने सगळा लगदा काढा.

मग खाली वाका. दाराच्या तळाला, अगदी कडेला, बारीक फटी आहेत. काच वरखाली होते त्या खाचेतून दाराच्या पोकळीत पाणी जातंच. गाडी बनवणाऱ्यांनी ते धरून चालूनच या फटी ठेवल्या. पातळ लाकडी काडी हळूच फिरवा. चमचाभर तपकिरी पाणी ठिबकेल. शेवटचा थेंब पडेपर्यंत बघत राहा.

मायेने दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करत असाल, तर तेवढं थांबवा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं, आणि सायलेन्सर नीट तापला नाही तर ते आतच साचतं. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर न्या. उत्तरेकडच्या राज्यांत रस्त्यावर मीठ पडलं असेल तर तेही नको, टाकी भरून, बॅटरी सोडवून ती उभीच बरी.

ॲरिझोनात टूसॉनजवळ अमेरिकी सैन्यदलांची हजारो विमानं वर्षानुवर्षं उघड्यावर उभी आहेत. तिथली हवा कोरडी, जमीन टणक. उन्हासाठी काचांवर आणि फटींवर पांढरा लेप देतात. मिशिगन किंवा न्यू जर्सीत ती हवा आपल्याला मिळणार नाही, पण ओल साठू न देणं आपल्या हातात आहे.

गॅरेज नाही म्हणून गाडी विकायला काढली असेल, तर जाहिरात देण्याआधी एक पूर्ण वर्ष थांबा. चारही ऋतूंत, महिन्यातून एक कोरडी सकाळ, कव्हर काढून दारं उघडी ठेवा आणि तिच्याजवळ बसा. मग काय ते ठरवा.