पाणी गटाचं, लायसन्स कुणाचं?

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. कालव्याचं पाणी हवं असेल तर शेतकरी नमुना नंबर 7चा अर्ज भरतो. त्यात गट नंबर, पीक, क्षेत्र लिहायचं. मंजूर झालेलं पाणी त्याच रानाला. ‘पट्टी मी भरतो, मग पाणी माझ्याच दुसऱ्या रानात नेलं तर काय बिघडलं?’ असं म्हणून चालत नाही. ते अनधिकृत सिंचन ठरतं, पंचनामा होतो.

आता समजा, याच गावातल्या एका मुलीचा लॅपटॉप दुरुस्तीपलीकडे गेला. तिनं कसाबसा एक जुना कॉम्प्युटर मिळवला, पण त्यात विंडोज नाही. बंद पडलेल्या लॅपटॉपमधलं विंडोज पैसे मोजून आलेलं आहे. ते इकडे आणलं तर?

नियम असा : वेगळं विकत घेतलेलं ‘रिटेल’ लायसन्स जुन्या मशीनवरून काढून नव्यावर नेता येतं. मशीनसोबत आलेलं ‘ओईएम’ लायसन्स त्या मशीनशीच बांधलेलं असतं. मशीन विकलं तर त्याच्यासोबत जातं, संपलं तर त्याच्यासोबत संपतं. म्हणजे ओईएम हे नमुना 7चं पाणीच झालं.

पण इथेच फरक आहे. पाणी मोजकं असतं. वरच्याने जास्त उचललं तर टेलच्या शेतकऱ्याचं पीक वाळतं. ते बंधन कुणाचं तरी रान वाचवतं. विंडोज मेलेल्या मशीनवरून जिवंत मशीनवर गेलं तर कुणाचं काय वाळतं? आधी एक मशीन चालत होतं, आताही एकच चालणार. एकच लायसन्स दोन मशीनवर चालवणं वेगळं. तिथे न भरलेल्या पैशाचा प्रश्न येतो.

3 जुलै 2012 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ‘यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल’ खटल्यात असाच विचार केला : कायमस्वरूपी विकलेलं सॉफ्टवेअर पुढे विकता येईल, पण विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे. हा निकाल आपल्याकडे लागू नाही, पण त्यातला न्याय ओळखीचा वाटतो.

दुसरी बाजूही खरी आहे. ओईएम स्वस्त पडतं, ते या बंधनामुळेच. आणि ‘मान्य आहे’वर बोट आपणच ठेवलेलं असतं. फक्त ते ठेवतो तेव्हा मशीनचे पैसे देऊन झालेले असतात, आणि हा फरक बहुतेकांना कुणी सांगितलेला नसतो.

म्हणून त्या मुलीला मी चोर म्हणणार नाही. तिने कुणाच्या वाट्याचं काही उचललेलं नाही. पण करार मोडतोय हे तिने स्वतःपासून लपवू नये. आणि त्यासाठी क्रॅक वापरावा लागला किंवा खोटं सांगावं लागलं, तर ते खोटं तिचंच. तिला तिसरी वाटही आहे : लिनक्स फुकट मिळतं, कितीही मशीनवर टाकता येतं, आणि जुन्या कॉम्प्युटरवर बरं चालतं.

आपण मात्र पुढचा लॅपटॉप घेताना दुकानदाराला रॅम आणि बॅटरीसोबत एक प्रश्न विचारायला हवा : यातलं विंडोज माझं, की या डब्याचं?