बिल्डरपुत्र आणि कोयता गँग

पुण्यातल्या अल्पवयीन गुन्हेगारीच्या बातम्यांत दोन मुलगे पुन्हा पुन्हा भेटतात. एक ‘बिल्डरपुत्र’, दुसरा ‘कोयता गँग’मधला. पहिल्याची ओळख बापावरून, दुसऱ्याची हत्यारावरून.

१९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणाऱ्या १७ वर्षांच्या बिल्डरपुत्राला काही तासांत जामीन मिळाला. अटींमध्ये अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. (निबंधाची एवढी चर्चा महाराष्ट्रात त्याआधी झाली नसावी.) लोक खवळले, माध्यमांनी पाठ सोडली नाही. ससून रुग्णालयात त्याच्या रक्ताचे नमुने बदलल्याचा, घरच्या ड्रायव्हरला डांबून ठेवल्याचा आरोप पुढे आला. डॉक्टर, मुलाचे वडील, आई, आजोबा सगळे कोठडीत गेले. गाडीची किल्ली मुलाच्या हाती कोणी दिली, हा प्रश्न घराघरांत विचारला गेला. विचारायलाच हवा होता.

कोयतेवाल्या पोराच्या घराबद्दल असं कुणी विचारत नाही. त्याची बातमी बहुतेकदा पोलिसांच्या प्रेसनोटमधून जशीच्या तशी उतरते: कोयते हवेत फिरवले, दहशत माजवली, वाहनांची तोडफोड केली. सोबत सीसीटीव्हीचं फुटेज, त्यात लाल वर्तुळ, आणि चॅनेलवर तेच दिवसभर. ज्याला गल्लीत भाई म्हणवून घ्यायचं होतं, त्याची शहरभर फुकट जाहिरात होते. बाल न्याय कायद्याचं ७४वं कलम मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. म्हणून नाव गाळतात, वस्तीचं नाव मात्र ठळक छापतात. मग तिथल्या बाकीच्या पोरांना नोकरी मागताना पत्ता सांगायची चोरी.

याच कायद्याप्रमाणे परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळापुढे ठेवायचा असतो: घरात कोण कोण, शाळा कधी सुटली, घरी मारहाण होते का. हा अहवाल गोपनीय असतो, तसाच राहावा. पण नाव न घेताही पत्रकाराला अशा घराच्या उंबऱ्यापर्यंत जाता येतं. तिथे गेलं की ‘पालकांनी लक्ष द्यायला हवं’ हे अग्रलेखी वाक्य लिहिताना हात जरा अडखळेल. बाप बारा तासांची वॉचमनकी करतो, आई चार घरची धुणीभांडी. लक्ष ठेवायचं म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पगार कापला. यामुळे सगळेच आईबाप सुटतात असं नाही. दारू पिऊन बायकोवर हात उचलणारा बाप पोराला दहशतीचे धडे घरीच देतो, आणि असे बाप बंगल्यांतही असतात.

२०२३मध्ये कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड नोंदवून घ्या, असं पुणे पोलिसांनी दुकानदारांना सांगितलं. ती बातमी खूप गाजली. ही मुलं कितवीत असताना शाळेतून गळाली, हे शोधत गेलेली बातमी मात्र माझ्या पाहण्यात नाही. कोयता हाती येण्याच्या बऱ्याच आधीपासूनची गैरहजेरी शाळेच्या हजेरीपटावर मांडलेली असते, आणि तो पाहायला सीसीटीव्ही लागत नाही.