हात पुढे करावा का?

१४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान सामना झाला. भारताने तो सात गडी राखून जिंकला. पण दुसऱ्या दिवशी आमच्या काकतीच्या कट्ट्यावर चर्चा रंगली ती न झालेल्या हस्तांदोलनाची. 'बरे केले,' असेच बहुतेकांचे मत पडले. २२ एप्रिलला पहलगाम येथे सव्वीस निरपराध माणसे मारली गेली होती, ७ मे रोजी 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले होते. अशा वर्षी पाकिस्तानी खेळाडूचा हात हातात कसा घ्यावा, हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. तरीही त्या 'बरे केले'ला माझ्या मनाने होकार दिला नाही.

खेळावे की खेळू नये, हा परराष्ट्र धोरणाचा विषय आहे व तो सरकारने ठरवावा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने तो ठरवलाही होता: द्विपक्षीय सामने नाहीत, अनेक देशांच्या स्पर्धांत मात्र खेळण्यास हरकत नाही. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांनी 'खेळूच नका' म्हटले, तर त्यांच्यापुढे मी निरुत्तर आहे. त्या बहिष्कारासाठी गुण आणि पैसा यांवर पाणी सोडावे लागले असते. आपण सामना खेळलो, आवडीने पाहिला आणि हात तेवढा मागे घेतला. ज्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही, त्याला निग्रह म्हणावे काय?

किंमत मोजावी लागली ती नीरज चोप्राला. बेंगळुरूच्या भालाफेक स्पर्धेसाठी त्याने पाकिस्तानच्या अर्शद नदीमला आमंत्रण धाडले होते, तेही पहलगामच्या आधी. हल्ल्यानंतर लोकांनी त्याला आणि त्याच्या आईलाही दूषणे दिली. नीरज स्वतः सैन्यातला आहे, याचाही विसर पडला.

सैनिकाला वैर आपल्याहून अधिक कळते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आपल्या भागात हे निराळे सांगावे लागत नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात पाकिस्तानने आपले म्हणून न स्वीकारलेले मृतदेह भारतीय जवानांनी इस्लामी विधीने दफन केले. पण त्यामुळे एकाही चौकीवरचा पहारा ढिला झाला नाही.

याच्या उलट उदाहरण आमच्या गावच्याच लेकीचे आहे. कित्तूरची राणी चन्नम्मा काकतीची. ऑक्टोबर १८२४ च्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला. इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज अधिकारी राणीच्या हाती लागले. तिने त्यांना नीट वागवले आणि समेट होईल या भरवशावर सोडूनही दिले. इंग्रजांनी डिसेंबरात कित्तूर घेतलेच, आणि १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात, कैदेतच, राणीचा अंत झाला.

मग राणी चुकली काय? मला वाटते, येथे दोन गोष्टींची गल्लत होते. कैद्यांना सोडताना तिने शत्रूवर विश्वास टाकला, तो फसला. कैद्यांना नीट वागवले ही तिची सभ्यता. ती फसली नाही, कारण ती शत्रूच्या वचनावर अवलंबूनच नव्हती. विश्वास हा पारखून टाकावा, कारण त्याची किंमत इतरांच्या प्राणांनी चुकवावी लागते. सभ्यता ही आपली आपल्याशी असते. हस्तांदोलनात आपण शत्रूला काहीच देऊन टाकत नाही.

हे शहाणपण मला उशिरा आले. महाविद्यालयात असताना, सीमाप्रश्नाने शहर तापलेले असताना, कबड्डीच्या एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आमच्यासमोर कन्नड मुलांचा संघ होता. सामना संपल्यावर आमच्यातील दोघांनी त्यांना हात दिला नाही. त्यातला एक मी. परतताना आमचे क्रीडाशिक्षक एवढेच म्हणाले, "अरे, सीमा काही तुझ्या हातावर ठरणार नाही."

पुढे सरकारी नोकरीत त्याच संघातल्या एकाच्या शेजारच्या टेबलावर मी बारा वर्षे बसलो. सीमाप्रश्नावर आमचे एकदाही जमले नाही. चहा मात्र रोज एकत्र झाला.